एकाच दोऱ्याचं कॉर्सेट

लोणारला आकाशातून दगड पडला आणि तळं झालं, असं सांगतात. तेव्हा किती आवाज झाला हे सांगायला कोणी उरलं नाही. पण माझी बायको सांडलेल्या हरभऱ्यावरून घसरून माझ्या शेडमध्ये बसती पडली, तो आवाज मी स्वतः ऐकला आहे, आणि छातीवर हात ठेवून सांगतो, लोणारचा आवाज त्यापुढे फुलबाजीसारखा असेल. ती वजनाने अर्ध्या पोत्याची बाई. तरी पत्रे थरथरले, चाळणीचं यंत्र आपोआप बंद पडलं आणि पलीकडच्या गल्लीतल्या म्हशीने दूध चोरलं. म्हशीचं मी थोडं वाढवून सांगतो आहे. बाकीचं खरं आहे.

अमडापुरात माझा धान्य चाळून द्यायचा धंदा. लोक सोयाबीन, हरभरा, तूर घेऊन येतात. खडे, माती, काडीकचरा वेगळा करून मी पोती भरतो आणि त्यांची तोंडं शिवतो. शिवायला हातातली मशीन आहे. बंदुकीसारखी धरायची, खटका दाबायचा, की पोत्याच्या या कानापासून त्या कानापर्यंत दोरा खर्रर करत धावतो. पोत्याला अशीच टीप लागते, कारण पोतं उघडायचंही असतं. शेवटचं टोक नीट धरून ओढलं की सगळी टीप एका दमात उसवून हातात येते. कात्री लागत नाही, दात लागत नाहीत. आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला तसं लोंबणारं टोक दिसलं, की त्याचा हात डोक्याला न विचारता तिकडे जातो.

तर बायको पडली. चिखलीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून मणका कुठे दबला ते दाखवलं. मला त्यात पावसाळी ढगांशिवाय काही दिसलं नाही, पण मी जाणत्यासारखी मान हलवली. निजून राहायचं, वाकायचं नाही, उठून बसायचं झालं तर पट्टा बांधून, तेही थोडा वेळ. औषधाच्या दुकानातला सगळ्यात लहान पट्टा आणला. त्या पट्ट्यात ती म्हणजे रांजणात चमचा. तिने श्वास घेतला की तो काखेत चढायचा, सोडला की मांडीवर उतरायचा. डॉक्टर म्हणाले, मापाचा बनवून घ्यावा लागेल, त्याला वेळ लागतो.

आणि वेळच तर नव्हता. पोरीचं लग्न ठरून बसलं होतं.

कन्यादानाला आईबापांनी जोडीने पाटावर बसायचं असतं. ज्यांना बसता येत नाही त्यांच्या जागी घरातली दुसरी जोडी बसते. माझा थोरला भाऊ आणि वहिनी लगोलग येऊन सांगून गेले, काही काळजी करू नका, आम्ही आहोत. मनाने चांगलीच माणसं. वहिनीचा आवाज माझ्याहून वरचा, आणि माझा आवाज तर चिखलीच्या स्टँडवर बस थांबवतो. ती त्या आवाजात तासभर धीर देत होती. कोणती साडी नेसणार तेही तिने सांगितलं. बायको निजल्या जागेवरून हो हो म्हणत राहिली. ती दोघं गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी म्हटलं, दुखतं का?

"माह्या पोरीच्या हातावर पाणी मीच सोडीन," ती भिंतीला म्हणाली. "दुसरं कोणी नाही."

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मी दुप्पट ओरडून गप्प बसवली असती, ती माझी विद्या आहे. पण ही बाई भिंतीशी बोलायला लागली की माझ्यासारख्या गडगडणाऱ्या माणसाचं काही चालत नाही. मी उगाच पंख्याचा वेग वाढवून पाहिला. मग कमी केला.

उपाय काढला पोरीने. तिने मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवली. एक गोरी बाई घरच्या घरी कमरेचा पट्टा शिवत होती. जाड कापडाचे दोन थर, त्यांच्यामध्ये उभ्या टिपा, टिपांच्या मधल्या खोळीत ताठ पट्ट्या, मागे दोन्ही कडांना धातूची भोकं आणि भोकांतून ओवलेली दोरी. दोरी ओढली की बाई सरळ. पोर म्हणाली, याला कॉर्सेट म्हणतात बाबा, जुन्या काळी तिकडच्या बाया घालायच्या. मी ते दोनदा पाहिलं आणि हसायलाच लागलो.

"अवं, हे तर पोतं आहे," मी म्हटलं. "उभं पोतं. मी रोज शिवतो."

पोरीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखतो. विहिरीवरची मोटर मीच दुरुस्त करीन म्हटलं होतं, तेव्हाही तिने तसंच पाहिलं होतं.

आधी माप. गावातल्या शिंप्याला बोलावू म्हटलं तर बायको तयार नाही. परका माणूस कमरेला टेप लावणार, ते काही व्हायचं नाही. मग मीच. आता इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाने बायकोचं माप घ्यायचं यात लाजण्यासारखं काय आहे, पण आम्ही दोघं असे अवघडलो की जणू खिडकीत अख्खं अमडापूर उभं आहे. मी छातीखालचं माप घेतलं, कमरेचं घेतलं, आणि टेप तिसऱ्यांदा हातातून पडला. ती म्हणाली, सोयाबीनचं माप बरं घेता तुम्ही. तिला हसताना कळ आली. मग आम्ही हसणं बंद केलं आणि पुढची मापं मुकाट्याने घेतली.

कापड माझ्याच शेडमध्ये होतं. चाळणीच्या यंत्राला धूळ अडवायला पांढऱ्या जाड कॅनव्हासची पिशवी लागते. एक कोरी पडली होती, ती फाडली. ताठ पट्ट्यांचं मात्र जमेना. बांबूच्या कांब्या घातल्या, त्या पहिल्याच वाकण्यात मोडल्या. छत्रीच्या काड्या घातल्या, त्या टोचल्या. ठिबकची नळी उभी चिरून घातली तर ती पुन्हा गोल व्हायला बघायची. शेवटी जिनिंगमधून कापसाच्या गाठी आवळायची लोखंडी पट्टी आणली. ती पट्टी सबंध गाठीला फुगू देत नाही, तर माझ्या बायकोला वाकू देणार आहे का? कापली, टोकं घासली, चिकटपट्टी गुंडाळली. भोकांचा प्रश्न आठवडी बाजारात सुटला. तिथे एक माणूस ताडपत्र्यांना पितळी कड्या ठोकून देतो. त्याच्यापुढे मी दोन कापडं ठेवली तेव्हा त्याने विचारलं, एवढीशी ताडपत्री कशावर घालता? मी म्हटलं, गंजीवर. त्याने गप्प ठोकून दिल्या.

आणि शिवण. तिथे मी माझी कारागिरी पणाला लावली. पोरीने शेजारणीची पायमशीन आणायचं सुचवलं होतं. मी ऐकलं नाही. त्या नाजूक मशीनची सुई या कापडावर मोडली असती हे एक, आणि दुसरं म्हणजे मला दाखवायचं होतं. मी पोत्याची मशीन उचलली आणि एका कडेला सुरुवात केली ती पहिली खोळ, वळसा, दुसरी खोळ, वळसा, असं करत सबंध कॉर्सेट एका दोऱ्यात शिवून काढलं. मध्ये कुठे थांबलो नाही, कुठे दोरा तोडला नाही. असा नागमोडी हात जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नाही, असं मी पोरीला सांगितलं. ती म्हणाली, शेवटी गाठ मार बाबा. मी मारली. पोत्याला मारतात तशी मारली.

पहिल्यांदा घातलं तेव्हा ते उभ्या पोत्याच्याच मापाचं झालं होतं. बायकोला काठावर बसवली तर खालची कड मांडीत आणि वरची हनुवटीत. ती कुंडीतल्या रोपासारखी माझ्याकडे बघत राहिली. पट्ट्या काढून खालून-वरून कापलं, कडा दुमडल्या, पुन्हा शिवलं, पुन्हा एकाच दोऱ्यात. दुसऱ्यांदा मी दोरी खालून आवळत वर गेलो, पोत्याचं तोंड आवळतात तसा, आणि ती म्हणाली, श्वास. एवढाच शब्द तिला निघाला. घाईने सोडलं. पोरीने पुन्हा चित्रफीत दाखवली: दोरी मधून आवळायची, कमरेपासून, वर आणि खाली सारखी, आणि मागे चार बोटांची फट ठेवायची.

तिसऱ्यांदा मी तसंच केलं. पोरीने तिला खांद्याला धरून उठवलं आणि हळूच हात काढला. बायको बसली. स्वतःच्या जोरावर, म्हणजे माझ्या लोखंडाच्या जोरावर, पण बसली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो, आता कळ येईल, मग येईल. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"कॅलेंडर सरळ दिसून राह्यलं," ती म्हणाली.

त्यानंतर मला आवरणं कठीण होतं. गावात मी सांगत सुटलो. चिखलीला डॉक्टरांनी कॉर्सेट बोटाने दाबून पाहिलं आणि कुठून आणलं विचारलं, तर मी सरळ म्हटलं, बाहेरून मागवलं. त्यांनी हसून सांगितलं, चांगलं आहे, पण बसवायचं थोडाच वेळ, आणि मापाचा पट्टा येईपर्यंतच. त्यातलं चांगलं आहे एवढंच मी गावात सांगितलं. आठवडाभरात पारावर अशी बातमी होती की मी रस्त्यावरचा वाकलेला विजेचा खांबसुद्धा दोरी आवळून सरळ केला. ही बातमी कोणी पसरवली मला ठाऊक नाही, मी फक्त खांबाचा नंबर सांगितला होता.

भावाला कळवलं, पाटावर आम्हीच बसतो. वहिनी आली, कॉर्सेटला पुढून-मागून हात लावून पाहिला आणि म्हणाली की बसा बापा, पण मी मागंच राहीन. तिची साडी आणून झाली होती. जाताना तिने बायकोच्या अंगावरची चादर नीट केली.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात बायकांच्या खोलीत मी शिरलो तेव्हा जो गलका झाला तो सांगता येत नाही. आत्या, मावश्या, सगळ्या जणी एकदम. कोणी म्हणे स्वतःलाच जावई समजून आत आले, कोणी म्हणे आता साडीपण नेसवा. मी बायकोच्या मागे गुडघ्यावर बसलो आणि ब्लाउजवरून, परकरावरून, कॉर्सेटची दोरी मधून आवळायला लागलो. बायकांचं हसणं हळूहळू थांबलं. मी मागच्या फटीत चार बोटं घालून पाहिली. बायको हळूच म्हणाली, "अजून थोडं." मी अजून थोडं आवळलं. मग त्यांनी मला हाकललं आणि साडी नेसवली.

मी काही कच्चा माणूस नाही. लग्न लावणाऱ्या महाराजांना आधीच बाजूला घेऊन विनवलं होतं, मंत्र जोरात म्हणा पण आखूड म्हणा. महाराज कबूल झाले होते. व्हिडिओवाल्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

आम्ही पाटावर बसलो. ती सरळ बसली होती. आमच्या लग्नाच्या वेळी बसली होती तशी, नव्हे, त्याहून सरळ. तेव्हा ती घाबरून पुढे झुकली होती. समोर पोर आणि जावई. खाली जावयाची ओंजळ, तिच्यावर पोरीची, तिच्यावर माझी, आणि वरून बायकोने तांब्याची धार धरायची. महाराजांनी शब्द पाळला. गाडी नीट चालली होती. धार सुरू झाली आणि व्हिडिओवाला म्हणाला, काका, उजेड मागून येऊन राह्यला, पाणी परत घ्या. तांब्या परत भरला. मग काकूंनी जरा इकडे पाहायचं. मग नवरीने मान वर करायची. मग ती दोन्हीकडची मंडळी चौकटीत येईनात, म्हणून सगळ्यांनी थोडं सरकायचं. बायको सरकली. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते. मी व्हिडिओवाल्याला जे बोलायचं ते गिळलं, कारण तोंडात मंत्र होता.

सरकताना तिचा पदर थोडा हलला असणार. मागे वहिनी बसली होती, बोलल्याप्रमाणे, अगदी मागे. तिला बायकोच्या कमरेशी, सरकलेल्या पदराखाली, पांढऱ्या जाड दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं. एवढ्या लोकांत, व्हिडिओत, नवरीच्या आईच्या अंगावर लोंबता दोरा. आमच्या घरातली नीटनेटकी बाई ती. तिने ते टोक धरलं आणि ओढलं.

सर्रर.

मला बघायची गरज नव्हती. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. पोत्यातून धान्य सांडायच्या आधीचा तो आवाज. पहिली खोळ, वळसा, दुसरी खोळ, वळसा. जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नाही असा तो हात. वहिनीला वाटलं असेल, तुटेल आता, आणि ती ओढत राहिली, आणि तो तुटला नाही. बायकोच्या साडीत लोखंडाची एक पट्टी खाली घसरली आणि पाटावर टण् वाजली. मग दुसरी.

माझ्या ओंजळीखाली पोरीची ओंजळ होती. हात काढावा तर धार जमिनीवर. न काढावा तर शेजारी माझी बायको थप्पीवरच्या पोत्यासारखी, आधी कळणारही नाही अशी, मागे कलत होती. महाराज म्हणाले, म्हणा माझ्यामागून. मी म्हणत होतो. काय म्हणत होतो देव जाणे. सबंध आयुष्य या तोंडाच्या जोरावर काढलं आणि त्या क्षणी त्या तोंडात संस्कृत भरलेलं होतं. मला फक्त डोळे हलवता येत होते. मी डोळे वळवले तर तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि नजर धारेवर होती. धार हलत होती, पण तुटली नव्हती.

मागे साड्यांची सळसळ झाली. वहिनी फिरून बसली होती. मांडवाकडे पाठ, आमच्याकडे पाठ, पाय समोरच्या खुर्चीला रोवून, आणि तिने आपली पाठ बायकोच्या पाठीला लावली.

"टेक," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खालचा मी कधी ऐकला नव्हता. "माह्यावर टेक. धार सोडू नको."

बायकोने पाठ टेकली. लोक म्हणत असतील, ही बाई नवरीकडे पाठ करून काऊन बसली. व्हिडिओत अजून ती तशीच आहे, नवी साडी, आणि चेहरा उलट्या दिशेला. तांब्या रिकामा होईपर्यंत ती हलली नाही. माझ्या ओंजळीतून पोरीच्या ओंजळीत पाणी उतरत होतं आणि पोरीने सगळं पाहिलं होतं. तिचे हात खालून माझे हात दाबत होते, जणू मीच पडतो आहे.

शेवटचं पाणी बायकोनेच सोडलं.

मग तिला पाटासकट उचलून खोलीत नेलं आणि गादीवर आडवं केलं. तिने डोळे मिटले ते उघडलेच नाहीत बराच वेळ. भावाने चिखलीला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, हलवू नका, संध्याकाळी आणा. मी खोलीच्या दारात उभा राहिलो. माझ्या हातात कॅनव्हासचे दोन तुकडे होते, पितळी कड्यांसकट, आणि त्यांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. पंगती उठत होत्या. जो तो येऊन मला विचारत होता, वाढपी कुठे, पाणी कुठे, मुलाकडच्या मामांना पान मिळालं का. मी हो हो म्हणत होतो.

वहिनी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिने तो दोरा बोटांवर गुंडाळून नीट लड केली होती. पोत्याचा दोरा आमच्याकडे कोणी फेकत नाही. तिने लड माझ्या खिशात घातली.

"मले वाटलं लोंबून राह्यला," ती म्हणाली.

मी म्हटलं, गाठ मीच मारली होती.

निरोपाची वेळ झाली. मुलाकडच्यांना लांब जायचं होतं, पार सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपुराकडे, आणि गाडी फुलं लावून दारात उभी होती. पोर आईच्या पाया पडायला खोलीत आली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, शालू, सगळं अंगावर. आईने डोळे उघडले. उठायला म्हणून कोपरावर जोर दिला आणि पुन्हा गादीवर टेकली. दोन्ही हात वर केले, पण पोरीच्या गळ्यापर्यंत पोचेनात. पोर वाकली तर शालू मध्ये, चुडा मध्ये. एक क्षण ती तशीच अर्धवट वाकून राहिली, आणि मग सरळ गादीवर आईच्या शेजारी आडवी झाली. मुंडावळ्या कानावर गेल्या. तिने तोंड आईच्या मानेत घातलं. दोघी काही बोलल्या असतील तर मला ऐकू आलं नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मग कोणीतरी हाक मारली, नवरीला आणा, उशीर होऊन राह्यला. खोलीत कोणी हललं नाही. वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर गेलो. मुलाकडची माणसं गाडीभोवती उभी होती. सगळ्यात म्हाताऱ्या मामांच्या खांद्यावर मी हात ठेवला आणि सांगितलं की आमच्याकडची रीत आहे, नवरी निघायच्या आधी बापाने पाहुण्यांना लोणारच्या तळ्याची गोष्ट सांगायची, पूर्ण सांगायची, मधून उठायचं नाही. अशी कुठलीही रीत नाही. मामा म्हणाले, अशी रीत आमच्या ऐकण्यात नाही. मी म्हटलं, तुम्ही लांबचे पडले.

त्यांना खुर्च्या दिल्या. चहा सांगितला. आणि आकाशात तो दगड अजून खूप वर होता तेव्हापासून सुरुवात केली.